शेवटी लागलेला दुसरा डबा

यंदा बाभळी पुन्हा पांढऱ्या झाल्या. आमच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जाऊ लागल्या की दोन्ही बाजूंच्या काट्यांना कापूस अडकतो, आणि आठ-पंधरा दिवसांत वाटायला लागतं की बोंडं झाडांनाच फुटली. पूर्वी बैलांच्या बंड्या जायच्या, आता ट्रक जातात. बाभळीला त्याचं काही नाही, ती दोघांकडूनही आपला वाटा काढून घेते. मी खिडकीशी बसून हे बघते आणि दर वर्षी मला सरकीचा वास येतो. भाच्याची बायको म्हणते, "मावशी, घरात कुठली आली सरकी? भास होतो तुम्हाला." होतो तर होतो. या वयात वास तरी येतो, हे काय कमी आहे?

त्यातून या वर्षी बेबीच्या नातवानं एक उद्योग केला. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचा नातू अमरावतीला आमच्याकडे राहून शिकतो. त्याला मी कधीतरी त्या फ्रेंच पिक्चरबद्दल बोलले होते, तर पठ्ठ्यानं तो मोबाइलवर शोधून काढला. शिवाय त्याच्याखाली जगभरच्या लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते मला वाचून दाखवायला बसला. "मोठी आजी, हा म्हणतो, फार काळोखा आहे पण एकेक दृश्य काय सुंदर. ही बाई म्हणते, पाहिल्यावर तिला झोपच लागली नाही. आणि यानं एकच तारा दिलाय, म्हणतो गोष्टच नाही." मी विचारलं, "त्यात अकोटच्या लोकांचं काही आहे का रे?" तो हसायला लागला. मग काय कामाचं, म्हटलं मी, आणि फोन त्याच्या हातात दिला. पण मनातून ते जाईना. तो पिक्चर ज्यांनी सगळ्यांत नीट पाहिला त्यांचं अक्षरही कुठं नाही. कसं असणार? त्यातल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा मीच लिहिते.

आम्ही अकोटचे. बाबा जिनात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढायचा तो कारखाना. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे रुईचा असा धुराळा उडायचा की बाबा घरी आले की आधी अंगणात उभं राहून स्वतःला झटकायचे. तो पिक्चर आला त्या वर्षी श्रावणात आई गेली. पोटात दुखतं म्हणून बाबा तिला एसटीनं अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. जाताना ती खिडकीतून बेबीला म्हणाली, "चारच्या मोटारीनं येतो व माय." आमच्याकडे बायकासुद्धा येतो-जातोच म्हणतात. ती आली नाही. तिकडेच सगळं झालं, तिकडेच मातीही झाली. बेबी तेव्हा आठ वर्षांची. तिनं काहीच पाहिलं नाही.

मग काय, सांगितलं तिला, आई वारली. तिनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता एसटी स्टँडवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. स्टँड म्हणजे एक लिंबाचं झाड, एक चहाचं हॉटेल आणि दोन बाकडी. अकोल्याची मोटार आली की उठायची, उतरणारी एकेक बाई निरखायची आणि घरी यायची. रडणं नाही, विचारणं नाही.

धर्मांतर होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. आमच्या घरातून देव्हारा गेला होता आणि त्याच्याबरोबर 'देवाघरी गेली' हे वाक्यही गेलं होतं. आमची मावशी बिचारी म्हणायची, "भाऊजी, लेकरू हाय ते. सांगा नं, देवाच्या घरी गेली म्हून." बाबा भडकायचे. "कोनता देव? गेली ते गेली. आपन लेकराले खोटं सांगत नसतो." मला बाबांचं पटायचं, आणि चार वाजले की पटेनासं व्हायचं.

मी अमरावतीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात कॉलेज पाहिलेली मी एकटी. आई गेल्यापासून मात्र घरीच होते, आणि दिवाळी झाल्यावर मनाशी ठरवून टाकलं की कॉलेजातून नाव काढून यायचं. मावशीचं एकच पालुपद. "कालेज पळून नाई जात, घर पळून जाईन." बाबा होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते नुसते जेवताना माझ्याकडे बघायचे आणि खाली बघायचे.

अर्ज लिहिला आणि शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं अमरावती गाठली. आमचे कुऱ्हेकर सर इंग्रजी शिकवायचे. फ्रेंच ते पुस्तकं वाचून शिकले होते, त्यामुळे त्यांना ते वाचता यायचं, बोलता येत नव्हतं, आणि ही गोष्ट ते स्वतःच हसून सांगायचे. अर्जावर त्यांची सही लागणार होती. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाले, "सोमवारी बघू. आज दुपारी पिक्चर आहे, तो पाहा." मुंबईहून चार डब्यांत आलेला फ्रेंच पिक्चर होता. सरांनी कुणाकुणाचे पाय धरून मागवलेला.

पिक्चर असा. एका गावात सूर्य फार थोडा वेळ येतो. गावात एक कोटवाला फिरतो. तो ज्याचे केस कापून नेतो त्याला नदीपलीकडे जावं लागतं, आणि पलीकडे गेलेल्याचा चेहरा पुसला जातो. उंच जिन्याच्या टोकाला एक आई आणि मुलगी राहतात. दुसऱ्या डब्यात ती आई स्वयंपाकघरात कणीक मळते, तिची लांब वेणी कमरेखाली झुलते, मुलगी ओले बूट घेऊन आत येते आणि आई तिला पिठाच्या हातांनीच जवळ ओढून हसते. त्या डब्याच्या शेवटी दारावर थाप पडते. तिसऱ्यात आई पलीकडे गेलेली असते आणि मुलगी तिला शोधत निघते. रिकामे कोट तर पहिल्या डब्यापासूनच रस्त्यानं आपले आपण चालतात, आत माणूस नाही. एक कपाट उघडलं तर आत बर्फ पडतो आहे. जिना पंख्यासारखा मिटतो. चौथ्या डब्यात मुलीला आई सापडते, केस कापलेली, आणि मुलगी हात लावते तशी ती बर्फ होऊन विखरून जाते. मुलगी एकटीच घरी येऊन दिवा लावते. संपला.

अमरावतीकरांनी त्याची जी दैना केली ती काय सांगू! पहिल्या डब्यातच मागून शिट्ट्या. कोट चालायला लागले तसा कुणी ओरडला, "अरे, धोबी कुठं गेला?" एक वकीलसाहेब उठून जाता जाता म्हणाले, "एवढा अंधार तर आमच्या गल्लीत फुकट मिळतो." गणिताच्या सरांनी विचारलं, "पण यातून घ्यायचं काय?" चौथा डबा लागला तेव्हा हॉल निम्मा रिकामा होता. कुऱ्हेकर सर कानाच्या पाळीपर्यंत लाल झालेले. आणि मी? मी रडले नाही, मला राग आला. असा संताप आला की बाहेर येऊन मी सरांना सरळ म्हटलं, "सापडलेली आई कशाला विरघळवायची मेल्यांनी?"

सर जाता जाता थांबले. मग म्हणाले, "परवा अकोल्याच्या कॉलेजात न्यायचा आहे हा. जरा वाट वाकडी करून अकोटला थांबू. तुझ्या बाबांच्या जिनात दाखवू, आणि गोष्ट तू सांगायची." मी म्हटलं, "सर, इथं ही गत, तिथं तर जोडे मारतील." ते म्हणाले, "तुझा अर्ज माझ्या खिशात आहे. अकोटलाच सही करतो." मास्तर लोक असे चिवट असतात. पुढे मीही तशीच झाले, माझ्या विद्यार्थिनींना विचारा.

रविवारी जिन बंद असायचं. बाबांनी मालकाकडून एक रिकामं गोदाम मागून घेतलं. भरदुपारी अंधार करायचा म्हणून खिडक्यांना बारदान ठोकलं, दोन धोतरं जोडून पडदा केला. एकाच अटीवर परवानगी होती, आत बिडी नाही. जिनात आग या शब्दाला सगळे जेवढे भितात तेवढे वाघालाही भीत नाहीत. दारात पाण्यानं भरलेल्या बादल्यांची रांग लावून बाबा तिथेच उभे राहिले.

आणि घोटाळा झाला तो या भीतीपायीच. मशीन चालवणारे करीमभाई सरांबरोबर जीपमधून आले होते. डबे उतरवताना त्यांनी जरा भाव खाल्ला. "संभालके, फिल्म गरम हुई तो भडकती है." झालं! आमचा रायभान, जिनातला सगळ्यांत जुना हमाल, त्यानं ते ऐकलं मात्र. कुणाला न विचारता त्यानं चार बारदानं रांजणात बुडवली, चारही डबे त्यात घट्ट गुंडाळले आणि वरून आणखी दोन तांबे पाणी ओतलं. "आता भडकून दाखव म्हनाव," असं म्हणून वर मिशीवरून हात फिरवला. करीमभाईंनी डब्यांवर पिठाच्या लेईनं आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या सगळ्या विरघळून बारदानात गेल्या. रिळं कोरडी राहिली हेच नशीब. करीमभाईंनी कपाळावर हात मारला, एक रीळ उजेडात धरून बघितलं, त्यावर नावं दिसली म्हणून तो डबा पहिला ठरवला. बाकीचे अल्लाच्या भरवशावर.

गोदाम भरलं. जिनातल्या बाया, त्यांची पोरं, हमाल, गाडीवान, पुढे मावशी आणि तिच्या मांडीला टेकून बेबी. मी पडद्याच्या बाजूला हातात सरांनी गोष्ट लिहून दिलेली चार पानं घेऊन उभी. त्या उजेडात अक्षर दिसेना. पहिलं वाक्य मी पुस्तकी बोलले, "ही एका अंधाऱ्या नगरीची कथा आहे," तशी मागून एक बाई म्हणाली, "शांते, आपल्यात बोल वं!" मग मी पानं कमरेला खोचली आणि आपल्यात बोलले.

काय बघितला त्यांनी तो पिक्चर! रिकामे कोट चालायला लागले तेव्हा कुणी शिटी मारली नाही. रायभान तेवढा हळूच म्हणाला, "असाच कोट आपल्या मुनीमजीचा हाय, आत कोनीच नसते." अख्खं गोदाम हसलं आणि पुन्हा चिडीचूप. पहिला डबा संपला, दुसरा लागला, आणि बघते तर काय! लागला होता तिसरा. आई घरातून गायबच! मी सावरून घेतलं, म्हटलं, "कोटवाला मायले घेऊन गेला." कपाटातला बर्फ पाहून बाया एका सुरात म्हणाल्या, "अवो, रुई व्हय!" आणि पलीकडची ती चेहरा पुसलेली माणसं आली, ज्यांना पाहून अमरावतीत कुणी किंचाळलं होतं. आमच्या बाया जिनातल्या पाळीत दिवसभर नाकातोंडावर फडकं बांधून काम करायच्या आणि सुटल्यावर तशाच घरी निघायच्या. त्यातली एक इतक्या सहज म्हणाली, "पाळी सुटली वाटते त्याइची." मी आजवर त्या पिक्चरवर सर काय म्हणाले ते ऐकलं, परवा नातवानं वाचलं तेही ऐकलं. याच्यापुढे कुणी गेलेलं नाही.

मग आईचं विखरणं आलं. कुणी हललं नाही. मावशीनं पदर तोंडात कोंबला. मी काहीच सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. मुलीनं दिवा लावला, पडद्यावर फ्रेंचमध्ये 'समाप्त' उमटलं, ते मी आणि सर सोडून कुणाला वाचता येणार? दारं उघडली. लोक उठेनात. मी बेबीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, अगदी तसंच, ज्या नजरेनं ती मोटारीकडे बघायची.

करीमभाई माझ्या कानाशी आले. "बेटी, एक डब्बा बाकी है. ये तो बीच का निकला. रहने दूँ?"

तो डबा कणकेचा होता, वेणीचा, पिठाच्या हातांचा. मला एवढंच कळत होतं की लावला तर मेलेली आई परत येणार, आणि ते खोटं मी स्वतःच्या तोंडानं सांगणार, दारात बाबा उभे असताना. बाबांनी आख्ख्या घरादाराशी भांडून जे खोटं बेबीपासून लांब ठेवलं होतं, तेच. मागे सर होते. एका शब्दानं सांगू शकत होते, चूक झाली म्हणून. ते चष्मा पुसत बसले.

मी म्हटलं, "लावा."

आणि पडद्यावर ती कणीक मळताना दिसली तशी मी मोठ्यानं म्हणाले, "मंग माय वापस आली."

गोदामातून जो श्वास सुटला तो मी विसरणार नाही. "आली व माय!" कुणीतरी म्हणालं. पिठाच्या हातांनी तिनं पोरीला ओढलं तेव्हा बाया खुदुखुदु हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शेवटी दारावर थाप पडली. अमरावतीत इथेच अंगावर काटा आला होता. मी म्हटलं, "पाहुने आले." रायभान म्हणाला, "येऊ द्या, पोया करूनच राहिली ते." आणि टाळ्या!

पिक्चर संपल्यावर बाबा बादल्या उचलायला लागले. मी जवळ गेले, बघितलंच नाही माझ्याकडे. "खोटं सांगितलं तू," ते म्हणाले. मी म्हटलं, "हाव." दोन बादल्या रिकाम्या करून झाल्यावर म्हणाले, "पन थांबवा असं माह्याबी तोंडातून निघालं नाई, शांता." बाबांना मी माझ्यासमोर रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

तेवढ्यात मावशी बेबीला हाका मारत आली. बेबी गोदामात नव्हती. चार वाजायला आले होते. मी धावत सुटले, स्वतःला शिव्या घालत. काय करून बसले मी हे! आता ही पोर जन्मभर त्या बाकड्यावरून उठायची नाही. मीच सांगितलं ना तिला, माय वापस येते म्हणून? नाव काढायचं नक्की झालं, सही आज घ्यायची, असं पळता पळताच ठरलं.

ती लिंबाखाली बसली होती, पाय हलवत. मी धापा टाकत शेजारी बसले. अकोल्याची मोटार आली. माणसं उतरली. एक बाई गाठोडं घेऊन उतरली, एक पोराला कडेवर घेऊन. बेबी उठली नाही.

"ताई," ती म्हणाली, "तो डबा आधीचा व्हता नं?"

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मायचे केस कापले व्हते. मंग येनी कुठून आली? येवढ्या लवकर केस नाई वाढत."

कसंबसं मी म्हटलं, "मंग तू तवाच काहून नाई बोलली?"

"सगळ्याइले बरं वाटून राहिलं व्हतं." पाय हलवणं थांबलं. "मलेबी वाटलं. आधीचं शेवटी पाह्यलं तं बरं वाटते."

मग ती रडली. श्रावणापासूनचं सगळं रडली, माझ्या मांडीत तोंड खुपसून, आणि हॉटेलवाला चहा गाळायचा थांबून बघत राहिला. मीही रडले, लाज कसली? मोटार रिकामी होऊन निघून गेली तेव्हा तिनं माझ्या पदराला नाक पुसलं आणि मोठ्या बाईसारखं म्हणाली, "मायची मोटार येत नाई. तुयी येते. तू जाय कालेजले, अन् शनिवारी येजो."

जिनात परत आलो तर सर बाबांबरोबर चहा पीत होते. त्यांनी खिशातून अर्ज काढला, पेन काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी अर्ज त्यांच्या हातातून घेतला आणि बेबीला दिला. तिनं त्याची होडी केली आणि रायभानच्या रांजणात सोडली. सर म्हणाले, "ते ठीक आहे, पण माझ्या चार पानांचं काय केलंस?" ती अजून माझ्या कमरेलाच होती, घामानं चिंब. दुसऱ्या दिवशी अकोल्यात डबे बरोबर लागले आणि तिथेही निम्मे लोक उठून गेले, असं करीमभाईंनी नंतर सांगितलं.

परवा नातवानं मला तो मोबाइलवर पूर्ण दाखवला, बरोबर क्रमानं, खाली इंग्रजी अक्षरांसकट. अक्षरं वाचून कळलं की मी तेव्हा बरंच काही मनचं ठोकलं होतं. चौथ्या डब्याला मी त्याला म्हटलं, "आता दुसरा पुन्हा लाव." तो म्हणाला, "आजी, तो होऊन गेला." "म्हणूनच लाव," मी म्हटलं. मला आईची आठवण येते तेव्हा दवाखाना दिसतच नाही. ती ताटलीवर भाकर थापताना दिसते, कोपरापर्यंत पीठ, आणि मला म्हणते, "सरक वं, तुयानं उजेड अडते." ही सोय मला कुणी करून दिली? ज्यानं सही केली नाही त्या सरांनी, ज्यांनी विचारलं त्या करीमभाईंनी, गप्प राहिलेल्या बाबांनी. आणि दोन तांबे पाणी जास्त ओतणाऱ्या रायभाननं. त्यांच्यातलं आता कुणी नाही. आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

त्या आठवड्यात मी अमरावतीला गेले. शनिवारी संध्याकाळी मोटार अकोटला शिरली तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळी कापसानं पांढऱ्या झालेल्या. खिडकीतून मी आधी स्टँडच बघितला. बेबी बाकड्यावर होती, अकोल्याच्या रस्त्याकडे पाठ करून.

मी उतरले. तिनं माझी पिशवी हातातून ओढून घेतली. "किती उशीर व बाप्पा," म्हणाली, "भाकर थंडी झाली."